स्वतःच्या जबाबदारीवर

"सदर वाहनाचे वय व धाव लक्षात घेता, गिअरबॉक्समधील तेल बदलल्यानंतर उद्भवणाऱ्या कोणत्याही बिघाडास गॅरेज जबाबदार राहणार नाही," हे वाक्य गेल्या आठवड्यात माझ्याकडून माझ्याच पेनाने लिहून घेण्यात आले आणि त्याखाली माझी सहीही घेण्यात आली. ड्रेन प्लग उघडून जुने तेल सोडायचे, गिअरबॉक्सच्या तळाचा पॅन काढून फिल्टर आणि गॅस्केट बदलायचे, नवे तेल भरायचे, एवढेच काम होते. त्यासाठी लेखी हमी मागावी आणि तीही पैसे मोजणाऱ्याकडून मागावी, हे मला अजून पचलेले नाही.

गाडी जुनी आहे, हे मी नाकारत नाही. ती ऑटोमॅटिक आहे, 2 लाख किलोमीटरच्या बरीच पुढे गेलेली आहे आणि तिची गिअरबद्दल कसलीही तक्रार नव्हती. तक्रार नसतानाच तेल बदलून घ्यावे, एवढेच माझे म्हणणे होते. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत इंजिन ऑइलपासून कूलंटपर्यंत सर्वांच्या मुदती छापलेल्या आहेत. गिअरबॉक्सच्या तेलापुढे मात्र 'बदलण्याची आवश्यकता नाही' असे आहे. याउलट, अनेक मोटार कंपन्यांना गिअरबॉक्स बनवून देणारी झेडएफ ही जर्मन कंपनी आपल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल वापरानुसार 80,000 ते 1,20,000 किलोमीटरनंतर किंवा 8 वर्षांनी बदलावे, असे सांगते. म्हणजे गिअरबॉक्स बनवणारा 'बदला' म्हणतो आणि गाडी विकणारा 'नको' म्हणतो. जुना गिअरबॉक्स निकामी झाल्यावर नवी गाडी कोण विकणार आहे, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

हे सगळे मी गॅरेजच्या मालकाला सांगत असताना शेजारी एक गृहस्थ उभे होते. ते हेडलाइटचा बल्ब बदलण्यासाठी आले होते. बल्ब बदलून झाला होता, पैसे देऊन झाले होते, त्यांच्या गाडीची किल्लीही त्यांच्या हातात होती. परंतु त्यांचे पाय तेथून निघण्यास तयार नव्हते.

"किती चाललीय?" त्यांनी विचारले.

मी आकडा सांगितला. त्यांनी क्षणभर डोळे मिटले आणि अशा सुरात "अरेरे" म्हटले, की आता माझे सांत्वनच सुरू होणार असे मला वाटले.

"मग तेलाला हात लावू नका," ते म्हणाले. "जुन्या तेलात क्लचची झीज मिसळलेली असते. त्या झिजेमुळेच गिअर धरतो. तेल काढलंत, की धरायला काही उरत नाही."

हा सिद्धान्त त्यांनी एकट्यानेच काढला असता, तर मी दुर्लक्ष केले असते. पण मालकाने मान डोलावली, मेकॅनिकने हातातला पाना खाली ठेवला आणि पलीकडे टायर बसवणारा मुलगाही ऐकायला जवळ आला. मग पुरावा आला. या गृहस्थांच्या मेव्हण्याची गाडी अशीच जुनी होती. त्याने हौसेने तेल बदलले आणि आठवडाभरात गिअर पडायचा बंद झाला.

"तेल बदलण्यापूर्वी गाडी नीट चालत होती का?" मी विचारले.

"अहो, नीट चालत असती तर त्याने तेल कशाला बदललं असतं?"

या उत्तरानंतर चर्चा संपायला हवी होती. गिअर सटकू लागल्यावर, जळका वास येऊ लागल्यावर लोकांना तेलाची आठवण होते. तोपर्यंत क्लचच्या प्लेटा झिजून गेलेल्या असतात आणि मरणाऱ्या गिअरबॉक्सचे खापर शेवटी आलेल्या निरपराध तेलावर फुटते. इतका स्वच्छ कबुलीजबाब मला शोधूनही मिळाला नसता. मी विजयी मुद्रेने मालकाकडे पाहिले. मालक त्या गृहस्थांकडे पाहून म्हणाला, "बघा, अनुभवाचे बोल आहेत," आणि त्याने ड्रॉवरमधून कोरा कागद काढला.

मी लिहिले, सही केली. तेव्हा त्या गृहस्थांनी माझ्या हातातले पेन घेतले आणि खाली 'साक्षीदार' असे लिहून आपलीही सही ठोकली. त्यांना कोणीही सांगितले नव्हते. "उद्या वाद नको," असे त्यांनी मलाच समजावले.

काम सुरू झाले. जुने तेल सोडण्यापूर्वी नवे तेल भरण्याचा प्लग उघडतो ना, हे आधी पाहा, अशी विनंती मी केली, कारण तो गंजून अडकलेला असेल तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन जागेवर बसावे लागते. मेकॅनिकला ही विनंती अपमानासारखी वाटली, पण त्याने ऐकले. तेल काळपट तपकिरी निघाले. पॅनमधल्या चुंबकावर राखाडी, मऊ लगदा जमलेला होता. तो सामान्य झिजेचा असतो, काळजी धातूच्या कपच्यांची करायची. आमच्या साक्षीदारांनी मात्र चुंबक पाहताच "लोखंड! लोखंड!" असा पुकारा केला.

नव्या तेलाचा लाल रंग पाहून ते ब्रेकचे आहे, असा निर्णय त्यांनी दिला. गळती चटकन ओळखू यावी म्हणून या तेलात लाल रंग घालतात, हे मी सांगितले आणि ओघात हेही सांगून गेलो, की 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत या तेलात स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाचे तेल मिसळत असत. क्लच झटका न देता धरावा, यासाठी ते फार गुणकारी होते. पुढे देवमाशांच्या रक्षणासाठी कायद्याने त्यावर बंदी आली आणि रसायनतज्ज्ञांना पर्याय शोधावे लागले. गृहस्थ गंभीर झाले.

"म्हणजे खरं तेल तेव्हाच संपलं," ते म्हणाले. "आणि तुम्ही होतं तेही ओतून दिलंत."

मी गप्प बसलो, पण ते बसले नाहीत. ऐंशी वर्षांच्या माणसाचे रक्त कोणी बदलतो का, असे त्यांनी विचारले. रोज डायलिसिसवर असंख्य माणसे जगतात, असे उत्तर माझ्या ओठांवर आले होते, परंतु मेकॅनिक तेल भरत होता आणि त्याचे लक्ष विचलित होणे मला परवडणारे नव्हते.

परवडणारे नसूनही ते झालेच. या गिअरबॉक्सला तेलाची पातळी पाहायची डिपस्टिक नाही. इंजिन चालू ठेवून, गिअरचा दांडा सगळ्या जागांवरून सावकाश फिरवून, तेल ठरावीक तापमानाला आले की पातळीचा प्लग उघडा ठेवायचा आणि जास्तीचे तेल बाहेर पडून धार थेंबांवर आली की बंद करायचा, अशी पद्धत आहे. तापल्यावर तेल फुगते, म्हणून तापमानाला महत्त्व असते. तेल अजून पुरते तापलेही नव्हते, तोच साक्षीदार ओरडले, "अहो, नवं तेल वाया चाललंय! बंद करा!" आणि मेकॅनिकने खरोखरच प्लग बंद केला. माझ्या पैशांच्या तेलाची बचत माझ्याच गिअरबॉक्सच्या जिवावर बेतणार होती, कारण जास्त भरलेल्या तेलाला फेस येतो आणि फेसाने दाब धरला जात नाही. प्लग पुन्हा उघडायला लावण्यासाठी मला जेवढा आवाज चढवावा लागला, तेवढा मी सहसा चढवत नाही.

संताप मला त्या गृहस्थांचा तितकासा येत नाही. त्यांना वेळ होता आणि त्यांनी तो घालवला. संताप येतो तो कागदाचा. तेल वर्षानुवर्षे न बदलल्यामुळे गिअरबॉक्स गेला, तर 'आम्ही नको म्हणालो होतो, जबाबदारी आमची' असे लिहून देणारा एकही गॅरेजवाला मला भेटलेला नाही. काही न करण्याचा सल्ला फुकट मिळतो आणि कोणावरही बंधनकारक नसतो. काही करायचे म्हटले, की लगेच सही लागते. त्यातून पॅनमधून निघते ते तेल निम्म्याहूनही कमी असते, बाकीचे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडकून राहते. त्यामुळे थोडी गाडी चालवून हाच विधी पुन्हा करायचा आहे, आणि तेव्हा नवा कागद लागेल, हे मालकाने आताच सांगून ठेवले आहे.

गाडी उत्तम चालते आहे. हे मी फोन करून कळवले, तेव्हा मालक म्हणाला, "आत्ता चालेल. महिनाभर जाऊ द्या." काल डाव्या बाजूचा इंडिकेटर लागेना म्हणून त्याच्याकडे गेलो. त्याने बल्ब पाहिला नाही, फ्यूज पाहिला नाही, हात पुसत माझ्याकडे पाहून त्याने विचारले, "तेल बदलल्यापासूनच ना?"