‘शिकणाऱ्या पोरांना कायद्याची भीती कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

निपाणीकर सर, नमस्कार.

तुमचं म्हणणं असं की, बी.ए.च्या पोरांच्या स्लाइड शोतल्या फोटोंसाठी फोटोग्राफरचं नाव, परवाना, परवानगी हे सोपस्कार सांगणं म्हणजे त्यांना उगाच घाबरवणं. शिक्षणासाठी सगळं चालतं, असं तुम्ही म्हणता. वर्गापुरतं ते बरोबर आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ शिकवण्याच्या कामी शिक्षक-विद्यार्थ्यांना बरीच मोकळीक देतं. पण आपल्या पोरांचं काम वर्गात थांबतं कुठं? संध्याकाळी ते यूट्यूबवर, रात्री मामाच्या व्हॉट्सअॅपवर, पुढच्या गॅदरिंगला फ्लेक्सवर. तिथं ती मोकळीक पुरत नाही.

खरं तर मला काळजी वेगळीच आहे. पावसाळा लागला की ‘गोकाकचा धबधबा’ म्हणून भलतेच धबधबे फिरायला लागतात. घटप्रभेवरचा झुलता पूल किंवा काठावरची गिरणी फोटोत दिसते का, हे आधी बघा की. दिसत नसेल तर गूगल लेन्सवर टाका. तोच फोटो आणखी कुठं, कुठल्या नावानं आहे ते कळतं. विकिमीडिया कॉमन्स या खुल्या फोटोंच्या साठ्यावर तर काढणाऱ्याचं नाव, तारीख, परवाना फोटोच्या पानावरच असतो. मग खाली एक ओळ: ‘गोकाक धबधबा, छायाचित्र: अमुक तमुक, विकिमीडिया कॉमन्स, सीसी बाय-एसए ४.०’. (शेवटचं ते परवान्याचं नाव: काढणाऱ्याचं नाव देऊन, त्याच अटींवर वापरायची मुभा.) ही ओळ ज्याला लिहिता येत नाही, त्याला फोटो कशाचा आहे हेच ठाऊक नाही, असं मी धरतो. आणि ‘स्रोत: गूगल’ म्हणजे पत्र कुणाचं विचारल्यावर ‘पोस्टमनचं’ म्हणण्यासारखं झालं.

जुन्या फोटोंचं तुम्ही विचारलंत. १९२४ चं बेळगावचं काँग्रेस अधिवेशन, गांधीजी अध्यक्ष. त्या काळी इथं छापून आलेले फोटो आता खुले आहेत, कॉपीराइटची मुदत संपली, खुशाल वापरा. मात्र कुणी हल्ली रंग भरलेला असेल तर तसं लिहा.

सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जत्रेतल्या फोटोंवर मात्र मी हटणार नाही. भंडाऱ्यानं माखलेली म्हातारी, कडेवरचं पोर. फोटो आपल्या विद्यार्थ्यानंच काढला म्हणून तिला विचारायचं नाही असं नाही. मराठी कळत नसेल तर कन्नडमधून विचारावं, सीमाभागातल्या पोराला त्यात काय अवघड? नको म्हणाली तर देवीच्या परडीचा घ्यावा, हातांचा घ्यावा.

‘एवढा वेळ कुणाला आहे?’ असंही तुम्ही लिहिलंय. विषय बेळगावच्या किल्ल्याचा असेल तर नेटवर शोधायचंच कशाला? सीबीटीवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, उतरलं की किल्ला जवळच, कमल बस्ती हे जैन मंदिर आत. मोबाईलवर काढा, खाली पोराचं नाव टाका. फक्त बस्तीच्या आत काढण्याआधी तिथल्या लोकांना विचारा, आणि लष्कराच्या हद्दीकडे कॅमेरा वळवू नका.