कोकणातल्या नद्या आणि विजेचं वेळापत्रक

कोकणात मे महिन्यात वाहती नदी बघायची असेल तर आधी वीजनिर्मितीचं वेळापत्रक बघा.

गंमत करत नाहीये. कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग करायला लोक सकाळीच का जातात? भिऱ्याच्या वीजकेंद्राकडून पाणी सुटतं ते सकाळी, आणि राफ्ट त्याच पाण्यावर चालतात. पाणी उतरलं की खेळ संपला. आता हे पाणी कोणाचं? मुळशी धरणाचं. म्हणजे मुळा नदीचं, म्हणजे शेवटी भीमेचं. ज्या पाण्याने पंढरपूरला जायचं ते बोगद्यातून सह्याद्री उतरून रोह्याला जातं आणि रेवदंड्याच्या खाडीला मिळतं. १९२७ पासून रोज.

पाताळगंगेचं तेच. लोणावळा, वळवण, शिरवट्याचं पाणी खोपोलीच्या वीजकेंद्रात खाली पडतं, १९१५ पासून. उल्हास नदीचं तेच. ठोकळवाडीचं पाणी भिवपुरीला उतरतं, १९२२ पासून. आणि चिपळूणची वाशिष्ठी. तिच्यात कोयनेचं अवजल येतं, पोफळी-कोळकेवाडीमार्गे. 'अवजल' म्हणजे वीज तयार करून झाल्यावर सोडून दिलेलं पाणी. ते वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पश्चिमेकडे वळवायची मुभा कृष्णा लवादाने दिलेली आहे. मुळशी, लोणावळा, ठोकळवाडी ही टाटांची धरणं, त्यांचं चाळीसेक टीएमसी त्यात मिळवा. बेरीज जवळजवळ एक उजनी धरण होते. दरवर्षी एक अख्खं उजनी आपण घाटावरून कोकणात ओततो आणि वर विचारतो, सोलापूरला पाणी का नाही.

मी राहतो डोंबिवलीत. गाव संगमेश्वर तालुक्यात, शास्त्री नदीच्या खोऱ्यात. त्यामुळे हा प्रकार दोन्ही टोकांनी बघतो. डोंबिवलीत नळाला येतं ते उल्हासचं पाणी, आणि उन्हाळ्यात उल्हासला धार असते ती भिवपुरीच्या जोरावर. गावाकडे शास्त्रीवर घाटमाथ्यावरून कुणी पाणी सोडत नाही. म्हणून मार्च संपता संपता तिचे कोंड, म्हणजे डोह, तेवढे उरतात, मधे सगळा गोटा. काजळीचं, मुचकुंदीचं, तळकोकणातल्या गड नदीचं थोड्याफार फरकाने हेच. ज्या नद्यांना घाटावरचं पाणी मिळतं त्या बारमाही, बाकीच्या दिवाळीनंतर दम टाकायला लागतात. भूगोलाच्या पुस्तकात मात्र सगळ्या एकाच यादीत: वैतरणा, उल्हास, कुंडलिका, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, तेरेखोल. पाठ केली की मार्क मिळायचे.

या यादीवरूनच ते लाडकं वाक्य येतं: "कोकणचं पाणी समुद्रात वाया जातं."

आकडे बघितले तर कुणालाही तसं वाटेल. राज्याच्या क्षेत्रफळाचा जेमतेम दहावा भाग कोकणात आणि राज्यातल्या नद्यांच्या पाण्यापैकी चाळीस टक्क्यांहून जास्त पाणी पश्चिमवाहिनी नद्यांचं. पण हे पाणी चार महिन्यांचं आहे, त्यातही बरंचसं काही मोजक्या दिवसांचं. सह्याद्रीचा कडा ते समुद्र हे अंतर सरळ रेषेत मोजलं तर पन्नास-साठ किलोमीटर, काही ठिकाणी त्याहून कमी. वर कडा उभा, खाली भरतीचं पाणी थेट चिपळूण-महाडच्या दारापर्यंत. घाटावर पडलेला पाऊस काही तासांत खाडीत. मधे थांबायला जागा कुठे आहे? सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवर, कातळ, उतारावर जांभा. जांभ्यात पाणी झटकन मुरतं आणि झटकन खालच्या झऱ्यातून निघूनही जातं. जे काही थांबायचं ते झाडोऱ्यात आणि परह्यांच्या, म्हणजे छोट्या ओढ्यांच्या, काठच्या मातीत. आणि झाडोऱ्याचं काय चाललंय ते कोकणात राहणाऱ्याला सांगायला नको. रात्री लाकडाचे ट्रक मोजा.

२२ जुलै २०२१ आठवा. महाबळेश्वरला चोवीस तासांत जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस. तिथूनच उगवणारी सावित्री महाडात शिरली. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर कोसळला. त्याच दिवशी वाशिष्ठीने चिपळूणची बाजारपेठ गिळली, पहिल्या मजल्यापर्यंत पाणी. कोळकेवाडी धरणातून पाणी सोडलं म्हणून झालं की नाही, यावर चिपळुणात अजून वाद घालतात, आणि त्यात मी पडत नाही. पण एक गोष्ट कुणी नाकारत नाही. नदीचं पात्र गाळाने इतकं भरलं होतं की एवढं पाणी पोटात घ्यायला जागाच नव्हती. त्यानंतर लोक उपोषणाला बसले तेव्हा गाळ काढायला जोर आला. चिपळूणजवळच्या गोवळकोटला एके काळी गलबतं लागायची. महाड बंदर होतं. राजापूर तर इतकं मोठं बंदर की इंग्रजांनी तिथे वखार घातली आणि शिवाजी महाराजांनी ती १६६१ मध्ये लुटली. आज राजापूरच्या जवाहर चौकात पाणी येतं ते अर्जुना-कोदवलीच्या पुराचं, पावसाळ्यात, आणि दुकानदारांनी माल वर चढवायची सवय करून घेतली आहे. बंदरं गाळाने गेली. तो गाळ डोंगरावरून आला. एवढं सरळ आहे ते.

आणि "वाया"? दाभोळच्या खाडीत जाळं टाकणाऱ्या भोयांना विचारा. नदीचं गोडं पाणी खाडीत उतरतं म्हणून तिथे बोय आहे, तांब आहे, चिंबोरी आहे, कालवं आहेत. पहिल्या पावसात वलगणीचे मासे उलटे चढतात ते याच पाण्याच्या वासावर. ज्या दिवशी गोडं पाणी थांबेल त्या दिवशी खाडीत उरेल मीठ आणि कारखान्यांचं सांडपाणी. सांडपाण्याबद्दल त्या खाडीतले लोक कित्येक वर्षं ओरडत आहेत, मेलेले मासे टोपलीत भरून दाखवत आहेत. खाडीला गोडं पाणी देणं हे काही वाया घालवणं नव्हे, एवढं तरी मान्य करायला काय हरकत आहे?

आता मूळ दुखणं. उल्हास आणि वैतरणेच्या खोऱ्यातलं पाणी उपसून गोदावरीत, मराठवाड्याकडे न्यायची योजना पुढे रेटली जाते. मराठवाड्याची तहान खोटी नाही, तिची टिंगल करणारा कोकणी माणूस मला आवडत नाही. पण हिशोब तरी बघा. भिऱ्याला पाणी पाचेकशे मीटर खाली पाडून वीज काढतो. शेजारच्याच खोऱ्यातलं पाणी वीज जाळून घाटावर चढवायचं म्हणतो. एका हाताने ओतायचं, दुसऱ्या हाताने भरायचं. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती, तेव्हा मावळची गावं बुडवून पाणी खाली पाडलं. सेनापती बापटांनी मुळशीला सत्याग्रह केला तो त्याविरुद्धच, १९२१ ते १९२४. गिरण्या गेल्या, पाणी पडतंच आहे.

मग हे पडणं बंद करून भीमेला परत द्यावं का? असा प्रश्न टाळता येत नाही, आणि माझं उत्तर सोयीचं आहे हे कबूल. अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण, डोंबिवली, तिकडे रसायनी, रोहा, चिपळूण, एवढी वस्ती आणि एवढे कारखाने या पाण्यावर उभे राहिलेत. उद्या तोटी बंद केली तर आम्ही मे महिन्यात काय पिणार? पण निदान हे पाणी आमचं नाही, उसनं आहे, हे तरी आम्हाला कळू दे. पाणीपट्टीच्या बिलावर छापा म्हणावं.

वैतरणेची कथा आणखी वेगळी. त्र्यंबकच्या ज्या डोंगररांगेत गोदावरी उगम पावते तिथेच हीही. एक पूर्वेला, एक पश्चिमेला. पश्चिमेची मुंबईने घेतली. तानसा १८९२, मोडकसागर १९५७, मध्य वैतरणा २०१४, शिवाय ऊर्ध्व वैतरणा आणि शेजारची भातसा. रोज साडेतीनशे कोटी लिटरहून जास्त पाणी मुंबईला जातं आणि धरणांच्या काठच्या शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिलमध्ये टँकर. बाया हंडे घेऊन विहिरीच्या तळाशी उतरतात, आणि त्यांच्या डोक्यावरून, अगदी शब्दशः, मुंबईच्या जलवाहिन्या जातात. यावर काही भाष्य करावंसं वाटत नाही, करून करून दमलोय.

माझ्या मागण्या छोट्या आहेत. एक तर पोफळी, भिरा, भिवपुरी, खोपोली इथून रोज किती पाणी सुटतं आणि कधी, ते काठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत फळ्यावर लागलं पाहिजे. पावसाळ्यात तर तासातासाने. दुसरं, कोकणात पाणी 'जास्त' आहे असं सांगणाऱ्याने जुलैचं आणि एप्रिलचं पाणी वेगवेगळं दाखवावं. बेरीज करून सरासरी काढली की शास्त्री नदीसुद्धा बारमाही दिसते. तिसरं, घाटावर पाणी चढवायला जे पैसे ठेवणार आहात त्यातले थोडे परह्यांवर खर्चा. दर कार्तिकात आमच्याकडे सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारे घालतात. शाळेची पोरं, बचत गटातल्या बाया, एखादा ग्रामसेवक. फुकटचं काम म्हणून फोटो छान येतात. पण जिथे ते नेमाने घालतात तिथे विहिरी महिना-दीड महिना जास्त टिकतात, हे गावात कोणीही सांगेल. पक्कं काम करायचं म्हटलं की मात्र फाईल जिल्ह्याला जाते आणि तिथेच पावसाळा लागतो.

तुमच्या गावच्या नदीला मे महिन्यात धार असते का, आणि असली तर ती कुठून येते, एवढं खाली लिहा. नदीचं नाव, तालुका आणि कोणत्या महिन्यात आटते ते. सरकारी आकडे आहेतच, मला काठावर राहणाऱ्यांचे हवेत.