एनबीएची समिती भिंतींचा रंग बघते का?

अभियांत्रिकी प्रवेशाच्या हंगामात एनबीएबद्दल, म्हणजे तांत्रिक अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या नॅशनल बोर्ड ऑफ ॲक्रेडिटेशनबद्दल, हा मेसेज हमखास फिरतो: ‘कॉलेजला एनबीए म्हणजे काय? समिती तीन दिवस येते, रंगवलेल्या भिंती बघते, जेवते, शिक्का मारते. सगळं सेटिंग. पण शिक्का असला की डिग्री अमेरिकेत आपोआप चालते.’

मुळात ‘कॉलेजला एनबीए’ नसतंच. संपूर्ण संस्थेचं मूल्यांकन नॅक ही वेगळी राष्ट्रीय संस्था करते. एनबीए एकेक शाखा तपासते. मेकॅनिकलला मान्यता आहे आणि वरच्या मजल्यावरच्या एआय-डेटा सायन्सला नाही, असं सर्रास असतं. किमान दोन बॅच पास होऊन बाहेर पडल्याशिवाय शाखेला मान्यता मिळत नाही. 2020 साली सुरू झालेल्या शाखेची दुसरी बॅच 2025 साली बाहेर पडली, यावरून हिशोब करा. माहितीपत्रकावरचा लोगो कुठल्या शाखेचा आणि मुदत कधीपर्यंत, हे विचाराच.

आता भिंती. समिती येण्याआधी शाखा स्वयंमूल्यमापन अहवाल देते. विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांसाठीच्या 2015 च्या नमुन्यात 1000 गुण होते. त्यात प्राध्यापकांच्या निकषाला 200, लॅब आणि तांत्रिक सुविधांना 80. रंगाला कुठला आलाय गुण! भेट असते ती हा अहवाल खरा आहे का, हे बघायला. प्रत्येक शाखेला दोन तज्ज्ञ आणि सगळ्यांवर एक अध्यक्ष. नेमणूकपत्रं आणि पगाराच्या नोंदी मागतात, प्रश्नपत्रिका आणि तपासलेल्या उत्तरपत्रिका चाळतात, मुलांशी, माजी विद्यार्थ्यांशी, पालकांशी बोलतात. प्राध्यापकांची आकडेवारी तीन वर्षांची लागते, किती जण टिकले तेही. भेटीपुरते उसने आणलेले सर इथेच उघडे पडू शकतात. त्यांना मुलं ओळखत नाहीत.

सेटिंगचं म्हणणं मात्र हवेतलं नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये सीबीआयने लाचेच्या प्रकरणात नॅकच्या तपासणी समितीच्या अध्यक्षांसह 10 जणांना अटक केली. ती संस्था वेगळी, पण म्हणून एनबीए सोवळी ठरत नाही. एनबीएत भेटीला आलेली समिती निकाल देत नाही, ती अहवाल देते. निर्णय वरच्या समित्या घेतात. त्यामुळे एकाच टेबलावर सगळं मिटवणं अवघड जातं, अशक्य होत नाही. माझ्या मते खरी पोकळी दुसरीकडेच आहे: सीओ-पीओच्या, म्हणजे प्रत्येक विषयाची आणि पूर्ण अभ्यासक्रमाची अपेक्षित फलितं मोजणाऱ्या एक्सेल शीटमध्ये. कुठल्या विषयातून कुठली क्षमता किती टक्के साधली, याचे आकडे अनेक ठिकाणी भेटीच्या तोंडावर, रात्री जागून, उलट्या बाजूने ‘बसवले’ जातात. मेसेज लिहिणाऱ्याला टीकाच करायची होती तर इथे करायची.

राहिली अमेरिका. 13 जून 2014 रोजी भारत वॉशिंग्टन अकॉर्डचा, म्हणजे एकमेकांच्या मान्यताप्राप्त अभियांत्रिकी पदव्या समकक्ष मानण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, कायम सदस्य झाला, हे खरं. पण तो लाभ टियर-1, म्हणजे मुख्यतः स्वायत्त संस्था आणि विद्यापीठांतल्या मान्यताप्राप्त शाखांनाच आहे. विद्यापीठाशी संलग्न साध्या कॉलेजची शाखा टियर-2 मध्ये येते, तिला नाही. टियर-1 वाल्यालाही तिथला व्यावसायिक परवाना आपोआप मिळत नाही. त्या त्या राज्याच्या मंडळाच्या अटी आणि परीक्षा असतातच.