सुपरग्रॅव्हिटीवाल्यांनी काय दिवे लावले म्हणे

एक मेसेज फिरतोय, मला तीन ग्रुपवर आला. थोडक्यात असा: सर्जिओ फेरारा, डॅनियल फ्रीडमन आणि पीटर व्हान न्यूवेनहाउझेन या तिघांना २०१९ मध्ये सुपरग्रॅव्हिटीसाठी (आइन्स्टाइनचं गुरुत्वाकर्षण आणि सुपरसिमेट्री, म्हणजे प्रत्येक प्रकारच्या कणाला एक जोडीदार कण असतो ही कल्पना, यांना एकत्र आणणारी थिअरी) ३० लाख डॉलरचं स्पेशल ब्रेकथ्रू प्राइझ दिलं, पण थिअरी सिद्ध नाही, कागदावरचे खेळ सगळे, एकमेकांचे पेपर साइट करत बसतात, इम्पॅक्ट शून्य, आणि वर जनतेचा पैसा.

पैशाचं आधी उरकतो. हे प्राइझ युरी मिलनर, झुकरबर्ग वगैरे मंडळींच्या खिशातून चालतं. कुठल्या करदात्याचा रुपया त्यात नाही.

"सिद्ध झालेली नाही." बरोबर आहे, नाहीच झालेली. या थिअरीत ग्रॅव्हिटॉनला (गुरुत्वाकर्षण वाहून नेणारा मानलेला कण) ग्रॅव्हिटिनो नावाचा जोडीदार असतो, तो आजवर कोणाला दिसलेला नाही, आणि एलएचसीमध्येही (जिनिव्हाजवळचं कण आदळवायचं अवाढव्य मशीन) सुपरसिमेट्रीचा एकही कण सापडला नाही. मशीन सुरू व्हायच्या आधी ज्यांनी "आता दिसलाच समजा" अशा थाटात भाषणं ठोकली त्यांची जिरली, चांगलंच झालं. पण हे कण किती जड असावेत ते सुपरग्रॅव्हिटी स्वतः ठरवून देत नाही, त्यामुळे एलएचसीत आपटली ती हलक्या कणांवर बेतलेली मॉडेल्स. हा बचाव जरा सोयीचा आहे हे मलाही कळतं, म्हणून त्यावर फार जोर देत नाही.

"कागदावर काय काहीही लिहिता येतं." इथे मात्र हसू आलं. १९७६ मध्ये या तिघांचं समीकरण जवळजवळ तयार होतं पण ते खरंच सुपरसिमेट्री पाळतं का हे तपासायला सुमारे २००० टर्म्स एकमेकींना कापून जायला हव्या होत्या, एक जरी उरली असती तरी सगळं कचऱ्यात. हाताने करणं शक्यच नव्हतं, मग अमेरिकेतल्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेच्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम चालवला आणि प्रत्येक उत्तर आलं शून्य. (इम्पॅक्ट शून्य म्हणणाऱ्यांनी हे शून्य जरूर बघावं.)

"एकमेकांनाच साइट करतात, बाहेर उपयोग नाही." हा खरा मुद्दा, इथे जरा थांबतो.

आइन्स्टाइनच्या साध्या, १९१५ च्या थिअरीतला एक जुना प्रश्न होता की बाकी सगळ्यापासून लांब असलेल्या एखाद्या सिस्टिमची एकूण ऊर्जा निगेटिव्ह होऊ शकते का, कारण तशी होऊ शकत असेल तर रिकामा अवकाशसुद्धा स्थिर राहायची गॅरंटी नाही. शोन आणि याउ या गणितज्ञांनी १९७९ मध्ये भूमितीने दाखवलं की होत नाही, पण ते प्रूफ महाकठीण. सुपरग्रॅव्हिटीत मात्र ऊर्जा वर्गांची बेरीज म्हणूनच समोर येते, आणि वर्गांची बेरीज निगेटिव्ह कशी असेल, आठवीतलं पोरगंही सांगेल. हा धागा धरून भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड विटनने १९८१ ला थेट आइन्स्टाइनच्या थिअरीसाठी नवीन आणि कितीतरी सोपं प्रूफ दिलं. म्हणजे ग्रॅव्हिटिनो उद्या नाहीच असं ठरलं तरी हे प्रूफ कुठे जात नाही.

पुढे १९९५ मध्ये याच फेरारांनी कॅलॉश आणि स्ट्रॉमिंजरबरोबर दाखवलं की काही कृष्णविवरांभोवतीची स्केलर फील्ड्स (प्रत्येक जागी नुसता एक आकडा असलेली फील्ड्स) लांबवर कशीही असोत, क्षितिजापाशी, म्हणजे जिथून काही परत येत नाही त्या सीमेपाशी, ती ठरलेल्या किमतीलाच येतात. मोरीत पाणी कुठेही ओता, जातं जाळीकडेच, तसं. यावर २००५ मध्ये आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेतल्या गटाने, त्यात संदीप त्रिवेदी होते, दाखवून दिलं की यासाठी सुपरसिमेट्री लागतेच असं नाही. त्याच वर्षी अशोक सेन यांनी अलाहाबादहून अशा कृष्णविवरांची एन्ट्रॉपी (आत किती सूक्ष्म अवस्था दडल्यात त्याचं माप) काढायची एन्ट्रॉपी फंक्शनची पद्धत दिली. आणि आपले गडहिंग्लजचे अतीश दाभोळकर, जे २०१९ मध्ये इटलीतल्या आयसीटीपी या भौतिकशास्त्र केंद्राचे संचालक झाले, त्यांचं कृष्णविवरांच्या एन्ट्रॉपीवरचं कामही याच वाटेवरचं.

आता म्हणाल हे पण त्याच गोटातले. ठीक, मग हे घ्या: एन=८ सुपरग्रॅव्हिटीत (सगळ्यात जास्त सुपरसिमेट्री असलेला प्रकार) अनंत उत्तरं येतात का हे बघताना झ्वी बर्न आणि मंडळींनी अॅम्प्लिट्यूड (कण एकमेकांवर आदळल्यावर काय होण्याची किती शक्यता, ते सांगणारं गणित) काढायची जी तंत्रं घासून धारदार केली, तीच वापरून २०१९ मध्ये एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन कृष्णविवरांच्या गणिताची पुढची पायरी काढली, तीही साध्या आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणात. हिंगोलीत औंढा नागनाथला लायगो (गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा) उभा राहील तेव्हा सिग्नल ओळखायला असलंच गणित लागणार आहे.

आणि प्राइझवर राग काढायचाच असेल तर जागा चुकली तुमची. १९७६ मध्येच स्टॅनली डेझर आणि ब्रुनो झुमिनो यांनीही स्वतंत्रपणे, वेगळ्या वाटेने आणि तो कॉम्प्युटर न वापरता सुपरग्रॅव्हिटी मांडली होती. झुमिनो २०१४ मध्ये गेले, पण प्राइझ जाहीर झालं तेव्हा डेझर चांगले हयात होते, आणि त्यांचं नाव यादीत नव्हतं.