उजव्या सोंडेचा टेम्पो

माझं रेडियमचं दुकान आहे. गाड्यांवर वाघ, ज्वाला, 'आईचा आशीर्वाद' वगैरे जे दिसतं, ते आधी माझ्या फोटोशॉपमध्ये जन्माला येतं. गिऱ्हाइकाचा ठाम समज असा, की खरं काम एकाच बाजूचं. दुसरी बाजू कॉम्प्युटर उलटी करून देतो. 'फ्लिप होरिझॉन्टल' म्हणून बटण आहेच की!

आहे ना. दाबलं की सगळंच उलटतं. ज्वाला उलटायलाच हव्यात, नाहीतर पलीकडून गाडी मागून पेटल्यासारखी दिसते. घोडाही उलटायला हवा. नाहीतर गाडी चालली पुण्याला आणि घोडा नगरला. पण त्यांच्याबरोबर अक्षरंही उलटतात. त्यात आपली देवनागरी लबाड. शिरोरेषा जागच्या जागी राहते, त्यामुळे लांबून सगळं आलबेल. जवळ जावं तर ऱ्हस्व वेलांटी दीर्घ झालेली आणि मोबाईल नंबर वाचायला आरसा हवा. म्हणून अक्षरांचा लेयर वेगळा ठेवायचा, न उलटता नुसता सरकवायचा. शिवाय डिझेल टाकीचं झाकण एकाच बाजूला असतं, ते एका बाजूच्या वाघाच्या नेमकं तोंडात येतं.

इथवर ठीक. परवा अंड्यांचा धंदा करणारे एक शेठ छोटा हत्ती घेऊन आले. दोन्ही दारांवर गणपती हवा. डाव्या दाराचा झाला तसे शेठ म्हणाले, "आता काय, दाबा बटण!"

दाबलं. शेठनी चष्मा पुसून स्क्रीनकडे पाहिलं.

"अहो, हा उजव्या सोंडेचा झाला की!"

मोदकही या हातातून त्या हातात गेला होता. अष्टविनायकांत उजव्या सोंडेचा एकटा सिद्धटेकचा, आणि उजव्या सोंडेचं सोवळं किती कडक ते घरोघरी ठाऊक.

"दादा, माझ्या गाडीत रोज अंडी असतात. हे दैवत मला झेपायचं नाही."

"मग दोन्हीकडे सारखाच ठेवू."

"ठेवा. पण उंदीर गाडीच्या तोंडाकडेच पळाला पाहिजे. मागं पळाला तर धंदा मागं जातो."

म्हणजे गणपती सुलट, उंदीर उलटा. उलटा केला तर त्याची मोदकाकडे पाठ! मग मान तेवढी कापून वळवली, शेपटी परशूत अडकत होती ती सोडवली, मानेवरचा सांधा झाकायला झेंडूची माळ घातली. दुपारचं जेवण उंदरानं खाल्लं.

शेठ खूश. पाकीट काढता काढता म्हणाले, "दुसरी बाजू तर नुसती उलटीच केलीत ना? तिचे अर्धे घ्या."