झेड लिहिला म्हणून अर्धा गुण कापला

रविवारी संध्याकाळी कॉलेज रोडच्या कट्ट्यावर मी पुतणीची इंग्रजीची वही घेऊनच गेलो. 'रिअलाइझ'मधल्या झेडभोवती लाल गोल, अर्धा गुण गेलेला आणि शेजारी शेरा : 'अमेरिकन स्पेलिंग'.

"बरोबरच आहे की," अण्णा म्हणाले. त्यांचं आयुष्य प्रुफं तपासण्यात गेलेलं. "आपलं इंग्रजी ब्रिटिश. एसच पाहिजे."

"अण्णा, ऑक्सफर्डची डिक्शनरी ब्रिटिशच ना? तिथं या शब्दाला झेडच आहे. मूळ ग्रीक प्रत्ययात झेड, लॅटिनमध्येही झेड. एस आला तो फ्रेंचांकडून. अमेरिकन स्पेलिंग रुजवणाऱ्या वेब्स्टरची मोठी डिक्शनरी निघाली १८२८ साली. इंग्लंडात झेड त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. जिनिव्हाची जागतिक आरोग्य संघटनासुद्धा आपल्या इंग्रजी नावात झेडच लिहिते."

"मग 'ॲनलाइझ'?" मास्तरांनी नेमकं बोट ठेवलं. तिथला झेड मात्र खरंच अमेरिकन. त्या शब्दाच्या शेवटी हा प्रत्यय नाहीच. 'सुटं करणं' या अर्थाचा दुसरा ग्रीक शब्द आहे, आणि त्यात एस आहे. 'सरप्राइज', 'ॲडव्हर्टाइज' तर दोन्हीकडे एसनंच लिहितात. सरसकट नियम सांगणाऱ्यांची इथंच फसगत होते.

अमेरिकन कंपनीचं काम करणारा मास्तरांचा भाचा म्हणाला, "मी 'ट्रॅव्हल्ड'ला दोन एल दिले की कॉम्प्युटर खाली लाल रेघ ओढतो. 'कंट्रोल्ड'ला नाही ओढत." कारण 'कंट्रोल'चा जोर शेवटच्या अक्षरावर पडतो, म्हणून तिथं अमेरिकेतही एल दोनच. 'ट्रॅव्हल'चा जोर पहिल्यावर. तिथं ते एक एल गाळतात, ब्रिटिश ठेवतात.

अण्णा काही मागे हटेनात. मग मी घरचंच उदाहरण काढलं. "मराठी शुद्धलेखनाच्या १९६२च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधी 'करणें' लिहिणारे काय अडाणी होते?"

"नव्हते," अण्णा म्हणाले. "पण एका पुस्तकात 'करणें' आणि 'करणे' दोन्ही मी कधी सोडलं नाही." त्यांनी चष्मा लावला, वही उजेडात धरली आणि चार ओळी खाली बोट नेलं. तिथं पुतणीनं 'ऑर्गनाइझ' एसनं लिहिलं होतं. त्यावर लाल खूण नव्हती.

"कापायचाच होता, तर ह्याला कापायचा."