दार उघडलं नव्हतं

आत्ताच तालमीहून आले. अंगातला कोटही काढलेला नाही, तशीच लिहायला बसले आहे, कारण हे आज लिहिलं नाही तर मला झोप लागायची नाही.

नाटकाचा शेवट हात वर करून ठरवतात का? आज आमच्याकडे ठरवला. नऊ विरुद्ध तीन. तेरावी मी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इथे अमेरिकेत आमच्या गावातली दोन चर्च, एक गोऱ्यांचं आणि एक कृष्णवर्णीयांचं, मिळून एक नाटक बसवताहेत. विषय श्रद्धा आणि वर्णभेद. मी दोन्हीकडची नाही, म्हणून लिहून काढायचं काम माझ्याकडे आलं. तयार संहिता नव्हतीच. आम्ही महिनोन् महिने गोल करून बसलो. प्रत्येकाने आपली एक गोष्ट सांगायची, सगळ्यांना सारखाच वेळ, मध्ये कुणी बोलायचं नाही, वाद घालायचा नाही. ही पद्धत जॉन ओनील या कृष्णवर्णीय नाटककारांकडून आलेली. त्यांनी 1963 साली मिसिसिपीतल्या टूगलू या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात आपल्या साथीदारांबरोबर फ्री सदर्न थिएटर नावाचं नाटकमंडळ सुरू केलं होतं. या रिंगणात बसलं की कळतं, ऐकणं हे केवढं कष्टाचं काम आहे.

तिसऱ्या का चौथ्या बैठकीत एक आजी बोलल्या. ऐंशीच्या आसपासच्या. त्यांची आई दर शनिवारी गोऱ्यांचं चर्च झाडायची, बाकं पुसायची, पितळी मेणबत्तीदाण्या घासायची. किल्ली तिच्याचकडे असायची, ॲप्रनला आतून पिनेने लावलेली. एका रविवारी ही आठ वर्षांची मुलगी हट्टाने आईचा हात धरून त्या चर्चच्या पायऱ्या चढली. आतलं गाणं ऐकायचं होतं, बस्स. दारातल्या माणसाने आईला नावानिशी ओळखलं, विचारपूस केली, आणि दार लावून घेतलं. आजी म्हणाल्या, "किल्ली तेव्हाही तिच्या ॲप्रनला होती. तिने नुसती चाचपून पाहिली आणि आम्ही घरी आलो."

तो प्रसंग मी लिहिला. म्हणजे उतरवून घेतला, माझं त्यात काही नाही. तालमीसाठी कुणीतरी मोठी पितळी किल्ली आणली, तर आजींनी ती हातात घेऊन सांगितलं की खरी किल्ली लहान होती, काळी पडलेली, आणि तिला पिवळा दोरा होता. पुढच्या वेळी दोरा त्यांनीच घरून आणला.

आणि आज म्हणे शेवट बदलायचा. दार पुन्हा उघडायचं, मायलेकी आत जाणार, सगळे मिळून गाणार, प्रेक्षकही उभे राहून गाणार. "लोक चांगल्या मनाने घरी जायला हवेत." कुणाच्या मनाची काळजी चालली आहे ही? सत्तर वर्षं ती पायरी जिच्या मनात आहे तिच्या?

आजी एवढंच म्हणाल्या, "दार उघडलं नव्हतं." आणि पर्स मांडीवर घेऊन बसून राहिल्या.

त्यावर एकाने म्हटलं की आपली दोन चर्च वेगळी कधी आणि का झाली देव जाणे, आता तरी एक होऊ या. देव कशाला? सगळ्यांना माहीत आहे. फिलाडेल्फियाच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या कृष्णवर्णीयांना ओढून उठवलं, तेव्हा रिचर्ड ॲलन आणि त्यांचे सोबती बाहेर पडले, आणि 1816 मध्ये त्यांनी आपला स्वतंत्र पंथ उभा केला. ज्या 1963 साली टूगलूत ते नाटकमंडळ सुरू झालं, त्याच वर्षी त्याच कॉलेजातली मुलं जवळच्या जॅक्सन शहरातल्या गोऱ्यांच्या चर्चमध्ये रविवारी उपासनेला जायची आणि पायऱ्यांवरून परत पाठवली जायची. काहींना तिथेच अटक झाली. प्रार्थनेला आले म्हणून अटक! आणि आम्ही पंधरा मिनिटांत दार उघडून मोकळे.

हो, सगळे गोरे तसे नव्हते. जेम्स रीब हे गोरे धर्मगुरू 1965 मध्ये कृष्णवर्णीयांच्या मतदानहक्काच्या आंदोलनासाठी अलाबामातल्या सेल्माला गेले आणि मारहाणीत जिवाला मुकले. मान्य. पण ती त्यांची गोष्ट आहे, या पायरीची नाही.

आता जरा शांत झाल्यावर हेही लिहिते की ज्यांनी शेवट बदला म्हटलं ते गृहस्थ वाईट नाहीत. आजींची गोष्ट ऐकताना सगळ्यात जास्त तेच रडले होते. लहानपणी ते त्याच चर्चमध्ये, दाराच्या आत बसत असत. त्यांना ते दार उघडायचंच आहे, मला दिसतं ते. पण आपल्याला सोसवत नाही म्हणून दुसऱ्याची आठवण दुरुस्त करायची नसते. सोसवत नाही हेच रंगमंचावर सांगा ना! मी तो प्रवेश आनंदाने लिहीन.

मघाशी फोनवर एका मैत्रिणीला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "त्यांचं ते बघून घेतील, आपला काय संबंध?" अगं, जोतीरावांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' कुणाला अर्पण केली? अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या इथल्याच लोकांना. दीडशे वर्षांपूर्वी पुण्यात बसून त्यांना संबंध कळला होता.

आणि मला आज सारखी पंढरपूरची पायरी आठवते आहे. माझी आजी मला लहानपणी घेऊन गेली होती. महाद्वाराशी चोखोबांच्या समाधीवर तिने माझं डोकं टेकवलं आणि आम्ही आत गेलो. एवढा मोठा भक्त बाहेर का, हे मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. ते दार उघडावं म्हणून साने गुरुजींना 1947 मध्ये उपोषण करावं लागलं, हे मला किती उशिरा कळलं. मी आत गेलेल्यांपैकी आहे. त्या रडणाऱ्या गृहस्थांच्या बाकावरच मी बसले आहे म्हणा ना.

म्हणून आजचं जास्त लागलंय. नऊ हात वर गेले, मग तीन गेले, आणि मी वहीत बघत राहिले. मी लिहिणारी, मी कशाला बाजू घेऊ, असं मनाला सांगितलं. आजींनी माझ्याकडे पाहिलं होतं. रागाने नाही, नुसतं पाहिलं.

घरी सोडताना गाडीत त्या हवापाण्याचं बोलत होत्या. उतरताना मी म्हटलं, "माझं चुकलं." त्या म्हणाल्या, "गुरुवारी ये लवकर. दोऱ्याची गाठ सुटली आहे, बांधायची आहे."

गुरुवारी साडेसहाला तालीम आहे. पहिल्या शेवटाच्या तेरा प्रती आत्ता प्रिंटरवर लावल्या आहेत.